पेशवे दफ्तरातल्या कुणबिणी: गुलाम माणसांचा माग जुन्या कागदांत कसा काढायचा?

कागदवेडी

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मोडी शिकल्यापासून पेशवे दफ्तरातले, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद वाचायचा नाद लागलाय. लढाया, तह, वाटण्या, सरदारांची भांडणं यावर लिहिणारे आपल्याकडे भरपूर आहेत. पण हिशेबाचे कागद उघडले की त्यात अशी माणसं भेटतात ज्यांच्याबद्दल कोणी फारसं बोलतच नाही. कुणबिणी, बटकी, पोरगे. (इथे कुणबीण म्हणजे विकत घेतलेली किंवा सरकारजमा झालेली दासी, आजच्या कुणबी समाजाशी संबंध लावू नका.) कोठीत दळणकांडण, मुदपाकखान्यात पडेल ते काम, पागेत चारा, थट्टीत शेणघाण, दारूखाना, किल्ल्याचं बांधकाम, जिथे म्हणून राबणारे हात लागत तिथे ह्या बायका होत्या. सरकारच्या होत्या, सरदारांच्या होत्या, सावकारांच्या आणि भिक्षुकांच्या घरीही होत्या.

कुठून आल्या तर काही लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांकडून विकत घेतलेल्या, काही मोहिमेत धरून आणलेल्या, काही दुष्काळात घरच्यांनीच विकलेल्या, आणि काही अशा की बदकर्माचा (व्यभिचाराचा) आरोप आला, सरकारने धरलं आणि शिक्षा म्हणून किल्ल्यावर दासी करून टाकलं. ह्या शेवटच्या प्रकाराने मी तर हादरलेच. शिवाय कुणबिणीच्या पोटी जन्मलेलं मूल पण मालकाचंच.

बखरीत, घराण्याच्या इतिहासात ह्यांचा पत्ता नाही. हिशेबात मात्र नाव असतं, समोर शिधा, वर्षाचं लुगडं. एखादं नाव ओळीने काही याद्यांत दिसत राहतं, मग एका वर्षी दिसत नाही. मेली, पळाली, सुटली की दुसऱ्या किल्ल्यावर पाठवली, हे त्या यादीत कळत नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कागदात असू शकतं ना? मला एकूण कुणबिणी किती होत्या हे मोजायचं नाहीये, त्यावर अभ्यासकांनी काम केलंय. मला एकेका बाईचा जमेल तेवढा जीवनक्रम जुळवायचाय. सरदारांच्या सात पिढ्या आपण घडाघडा म्हणतो, मग त्यांच्या घरचं दळण दळणारीचं नुसतं नाव तरी नीट लिहून ठेवायला नको का?

तर विचारायचं हे की कुठले कागद बघावे, कसे बघावे, आणि जगात इतर ठिकाणी गुलाम केलेल्या माणसांचा शोध लोक कसा घेतात. ज्यांना जे माहीत असेल ते लिहा प्लीज.

रानफूल

बाप रे. वाचनखूण साठवलीये. माझ्याकडे भर घालण्यासारखं काही नाही पण वाचत राहीन.

रोखठोक

विषय चांगला आहे पण 'गुलाम' म्हणताना जरा जपून. गुलाम म्हटलं की डोळ्यासमोर अमेरिकेतले कापसाचे मळे आणि चाबूक येतात. आपल्याकडे घरात ठेवत, खाऊपिऊ घालत, लग्नकार्यात लुगडंचोळी करत. इथली गुलामी सौम्य होती असं कंपनीच्या साहेबांनीही लिहून ठेवलंय. आणि शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये कर्नाटकात डचांना जो कौल दिला त्यात माणसांच्या खरेदी-विक्रीला साफ मनाई केली होती हे पण लिहा की, तेही आपलंच आहे.

कागदवेडी

रोखठोक, महाराजांच्या कौलाचा मला अभिमानच आहे, लिहायलाच हवं. त्या काळात एक राजा परदेशी कंपनीला सांगतो की माझ्या मुलखातून माणसं विकत नेता येणार नाहीत, ही साधी गोष्ट नाही. पण त्यानंतर शंभर वर्षांनी पुण्यात काय चाललं होतं ते त्या कौलाने झाकता येत नाही.

सौम्य म्हणाल तर मी तीनच प्रश्न विचारते. विकता येत होतं का? हो, खरेदीचा कागद व्हायचा, सरकार जकात घ्यायचं. पळाली तर धरून आणत होते का? हो, एका सरदाराकडून दुसऱ्याकडे मागणीची पत्रं जात. मूल आईचं का मालकाचं? मालकाचं. मग गुलाम नाही तर काय म्हणायचं तिला? कोणी प्रेमाने वागवतही असेल, नाही कोण म्हणतंय, पण ते मालकाच्या मर्जीवर. आणि साहेबांनी सौम्य लिहिलं ते कोणाला विचारून लिहिलं? मालकांनाच ना. दारूखान्यातल्या बाईला बोलावून कोणी विचारलं नव्हतं.

मळ्याशी तुलना मी करतच नाहीये. दोन्हीकडची कामं वेगळी, संख्या वेगळी, वंशाचा कायदा वेगळा. पण शोधायची रीत तिकडून शिकता येईल.

मोडीकाका

ताई, फार चांगलं काम हातात घेतलंत. सातारकडचा आहे, निवृत्तीनंतर हेच करतो. काही गोष्टी सांगतो, क्रम नाही लावलेला, आठवेल तसं.

आधी छापलेलं बघा. गणेश चिमणाजी वाडांनी रोजकीर्दीतून (रोजच्या नोंदींतून) निवडून काढलेल्या रोजनिशा आहेत, शाहू महाराजांपासून दुसऱ्या बाजीरावापर्यंत, त्यात कुणबिणींची प्रकरणं विखुरलेली सापडतात, थोरल्या माधवरावांच्या आणि सवाई माधवरावांच्या काळात विशेष. सरदेसायांनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातून ४५ खंड काढले ते राजकारणाच्या दृष्टीने. त्यांची निवड तशी होती, दोष देत नाही, पण कुणबीण राजकारणात यायची कशाला? ती घडणीच्या, म्हणजे हिशेबाच्या कागदांच्या रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात). म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात जाऊन घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास यांचे रुमाल सोडावेच लागणार. रुमाल हजारो आहेत, तेव्हा आधी एकच किल्ला किंवा एकच खातं धरा आणि त्याची ओळीने जितकी वर्षं मिळतील तितकी काढा. इकडून एक कागद तिकडून एक कागद असं वाचलं तर बाई सापडत नाही, नुसती नावं सापडतात.

तारखेचं सांभाळा. नवीन लोक तिथेच अडतात. शुहूर सन अरबी आकड्यांत शब्दांनी लिहिलेलं असतं. सीत सबैन मया व अलफ म्हणजे सहा, सत्तर, शंभर, हजार, झाले ११७६. त्यात ५९९ मिळवा, १७७५. पण हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून पुढचा मृग येईपर्यंतच्या कागदाला ६०० मिळवायचे, तो १७७६ चा. महिना मुसलमानी आणि त्याच्या आधी 'छ' घालून चंद्राची तारीख. एका वर्षाने चुकलात तर बाई मेल्यानंतर तिला लुगडं मिळाल्यासारखं दिसेल आणि तुम्ही दोन बायका समजून बसाल.

एकाच नावाच्या चारजणी असतात हेही लक्षात ठेवा. नावापुढे कोणाकडून आली, कुठल्या खात्याकडे आहे, लेकरू बरोबर आहे का, हे जे काही असेल ते सोडू नका, ओळख त्यानेच पटते.

मोडीकाका

वरच्यात एक राहिलं. सगळ्यात मोलाचे कागद चौकशीचे. कुणबीण घरात पाणी भरणार, स्वयंपाकाला हात लावणार, म्हणून विकत घेताना जात विचारायचे. विकणारा सांगेल ती जात. पुढे कधीतरी बाहेर यायचं की बाई त्यांच्या लेखी खालच्या जातीची, मग घरादाराला प्रायश्चित्त, आणि कोणी विकली, कुठून आणली याची चौकशी. अत्यंत वाईट कारणासाठी झालेली चौकशी आहे ही. पण त्या निमित्ताने ती कुठल्या गावची, कोणाकडून कोणाकडे गेली हे कागदावर येतं. हिशेबनीस हे कधीच लिहीत नाही.

कागदवेडी

काका, हे सोन्यासारखं आहे. बदकर्माच्या प्रकरणांतही तसंच होत असणार, तिथे तर गाव, नवरा, सासर सगळं यायला हवं. म्हणजे जिथे बाईवर आरोप आहे तिथेच तिची माहिती जास्त. मन लावून वाचायचं पण प्रत्येक वाक्याला विचारायचं की हे लिहिणारा कोण आणि त्याला काय सिद्ध करायचं होतं.

अटलांटिक

मी इथे अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यात राहतो, लायब्ररीत वंशावळीच्या वर्गाला स्वयंसेवक म्हणून जातो. तिथे कृष्णवर्णीय कुटुंबं येतात आणि जवळपास सगळीच एका ठिकाणी येऊन थांबतात, १८७० ची जनगणना. गुलामीतून सुटलेल्या सगळ्या लोकांची नावं पहिल्यांदा त्या जनगणनेत आली. त्याच्या आधी १८५० आणि १८६० ला गुलामांचे वेगळे तक्ते केले होते, त्यात मालकाचं नाव आणि त्याखाली नुसत्या ओळी. वय, स्त्री की पुरुष, रंग. नाव नाही! (अगदी थोडे अपवाद सोडून.) म्हणजे ३५ वर्षांची बाई, तिच्याखाली १२ चा मुलगा, त्याखाली ४ ची मुलगी, आणि ही आई-मुलंच आहेत का हेही सांगता येत नाही. समोर बसलेल्या आजी त्या ओळीवर बोट ठेवून बसतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

मग पुढे कसं जायचं तर मालकाच्या कागदांतून. आधी मालक शोधायचा. त्याचं मृत्युपत्र, मेल्यावर केलेली मालमत्तेची यादी, कर्जासाठी गहाण ठेवलेल्यांची यादी, विक्रीचे दस्त, कोर्टकज्जे. तिथे नावं असतात, कारण तिथे किंमत लावायची असते. वर्तमानपत्रात पळून गेलेल्यांच्या जाहिराती, त्यात चेहरा, अंगावरचे व्रण, कुठली कला येते, कुठे नातेवाईक आहेत म्हणून तिकडे गेला असेल, हे सगळं मालक स्वतःच लिहितो.

सुटकेनंतरचे कागद वेगळे. १८६५ ला फ्रीडमन्स ब्युरो (सुटलेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं) निघाला, त्यांचे मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी. आणि फ्रीडमन्स बँक, १८६५ ते १८७४ चालली आणि बुडाली, गरिबांचे पैसे गेले, पण तिचे खातं उघडण्याचे फॉर्म राहिले. त्यात विचारलेलं असतं जन्म कुठे, बाप कोण, आई कोण, भावंडं कुठे, जुना मालक कोण. विकून टाकलेल्या भावाबहिणींची नावं लोकांनी तिथे सांगितलीत. बँकेला ते ओळख पटवायला हवं होतं. आज एखाद्या घराला आपली खापरपणजी तिथे सापडते.

कागदवेडी

अटलांटिक, मालकाकडून आत शिरायचं हे डोक्यात पक्कं बसलं. मी उलटं करत होते, नावापासून सुरुवात. आता एका सरदार घराण्याचं खाजगी दफ्तर घेऊन त्यातल्या वाटणीच्या याद्या बघते. भाऊ वेगळे झाले की भांडी, जनावरं आणि कुणबिणी वाटल्या जाणारच. आई एका भावाकडे, लेक दुसऱ्याकडे असंही झालं असेल, ते त्या याद्या शेजारी ठेवल्या तरच दिसेल.

नाशिककर

नाशिकचा मुद्दा कोणीच काढला नाही म्हणून लिहितोय. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो येतो. ते शरणपूर म्हणजे १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली मिशनची वस्ती, प्राइस नावाचे पाद्री होते. अरबी समुद्रात इंग्रजांची आरमारी जहाजं गुलाम नेणारी गलबतं पकडायची, त्यातली सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवायची, आणि १८६० च्या दशकात त्यातली बरीच इकडे शरणपूरला आली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. पुढे जगाच्या इतिहासात त्यांना नाशिक बॉइज म्हणायला लागले, आणि नाशिकच्या शाळेत आम्हाला यातलं काही कोणी शिकवलं नाही.

१८६६ ला लिव्हिंगस्टन (आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश प्रवासी) शेवटच्या प्रवासाला निघाला तेव्हा नाशिकची मुलं बरोबर नेली. १८७२ ला आणखी तुकडी गेली, त्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरर. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात चितांबोच्या गावी वारला. मग त्याचे जुने आफ्रिकन सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली ह्या लोकांनी त्याचं काळीज झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून वाळवला आणि पार किनाऱ्यापर्यंत चालत आणला, महिनोन् महिने. चुमाचा पण मुंबईशी संबंध आहे, लिव्हिंगस्टनने त्याला मुंबईत डॉ. विल्सनांच्या शाळेत ठेवलं होतं.

आता कागदाचं. जेकब वेनराइटला लिहिता यायचं. त्याने रोजनिशी ठेवली, ती टिकली, आता ऑनलाईन बघायला मिळते. गुलाम म्हणून पकडला गेलेला याओ जमातीचा मुलगा, शरणपूरला शिकलेला, स्वतःच्या हाताने लिहितोय. किती दुर्मिळ आहे हे! आणि झाडावर अक्षरं कोरली ती त्यानेच. लिव्हिंगस्टनचं नाव, मे १८७३ ची तारीख, खाली बरोबरच्या तीन माणसांची नावं. कोरणाऱ्याचं स्वतःचं नाव त्यात नाही. झाडाचा तो तुकडा लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे आहे. देहाबरोबर इंग्लंडला गेला तोही जेकबच, १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला हात लावणाऱ्यांत तो होता.

नावांची अडचण इथेही आहे. बाप्तिस्म्याला नवीन नाव, आडनाव कुठल्या तरी इंग्रजाचं. मॅथ्यू वेलिंग्टनचं जन्मनाव चेंग्विंबे होतं एवढं तरी कळतं, कारण तो १९३५ पर्यंत जगला आणि लोकांनी त्याच्याकडून ऐकून लिहून घेतलं. बाकीच्यांचं आईने ठेवलेलं नाव बहुतेक वेळा कागदावर नाहीच.

रानफूल

@नाशिककर मग ती सगळी मुलं गेली कुठे? नाशकात वंशज आहेत का?

नाशिककर

बहुतेक परत आफ्रिकेत. मोंबासाजवळ फ्रिअरटाउन वसवलं १८७५ च्या सुमारास, नाव आपल्या मुंबईचे जुने गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं. प्राइसच तिकडे गेले आणि शरणपूरचे लोक बरोबर. त्याच्याही आधी १८६४ ला काहीजण रबईला गेले होते. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८८५ ला तिथे दीक्षा घेऊन पाद्री झाले. त्यांना तिकडे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्यांचे वंशज केनियात आहेत.

शोधायचं असेल तर साखळी अशी लावायची. गलबत पकडल्याचा आरमाराचा अहवाल, मग मुंबई सरकारचा पत्रव्यवहार (काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार), मग मिशनचे अहवाल आणि पत्रं, ती इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठात ठेवलीत. गलबताच्या नोंदीत मुलं म्हणजे आकडा असतो. मिशनच्या पत्रात तोच आकडा माणूस होतो, पण पाद्र्यांना देणगीदारांना खूश करायचं असायचं, म्हणून सगळी मुलं सुखात आणि प्रार्थनेत. हे गाळून वाचायचं.

रोखठोक

हे इंग्रजांचं गुलाम सोडवणं ऐकायला छान आहे, पण १८३३ चा त्यांचा गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा कंपनीच्या मुलखाला लागूच नव्हता. इथे १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला, आणि त्यानेही गुलाम ठेवणं गुन्हा केला नाही, फक्त कोर्टाने मालकी मानायची नाही एवढंच. गुन्हा झाला तो दंडसंहिता लागू झाल्यावर, १८६२ पासून.

कागदवेडी

अगदी बरोबर, आणि कामाचं आहे. म्हणजे १८४३ ते १८६२ मधल्या काळात एखादी बाई निघून गेली तर मालक दिवाणीत जाऊन तिला मागू शकत नव्हता. मग चोरीची फिर्याद करत असतील का, दागिना घेऊन पळाली म्हणून? त्या काळातले फौजदारी कागद ह्या नजरेने बघायला हवेत.

मांडवी

पणजीहून. गोंयचें सांगतें, पण मराठीतच लिहिते.

जुन्या गोव्यात रुआ दिरैता म्हणजे सरळ रस्ता, तिथे बाजारात माणसं विकली जायची, १५८० च्या दशकात लिन्शोटेन नावाचा डच माणूस इथे राहिला होता त्याने लिहून ठेवलंय. मोझांबिकहून आणलेले, बंगालचे, पार चीन-जपानचेही. आमच्याकडे कागद तीन प्रकारचे. पहिले चर्चचे बाप्तिस्मे, त्यात गुलामाचं ख्रिस्ती नाव, मालकाचं नाव, मूल असेल तर बाप अज्ञात. तो अज्ञात बाप पुष्कळदा त्याच पानावर मालक म्हणून बसलेला असणार हे वाचणाऱ्याला कळतं, पण सिद्ध करता येत नाही. दुसरी मुक्तिपत्रं, पणजीच्या पुराभिलेखागारात सतराव्या-अठराव्या शतकातली आहेत. मालक का सोडतोय ते लिहितो, सेवा चांगली केली, आत्म्याच्या कल्याणासाठी, नाहीतर पैसे भरले म्हणून. तिसरे म्हणजे १८५४ च्या हुकुमाने पोर्तुगीज मुलखात गुलामांची नोंदणी सक्तीची झाली त्या नोंदवह्या. गुलामगिरी कायद्याने गेली १८६९ ला.

इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) खटल्यांत गुलामांच्या साक्षी असणार, पण १८१२ मध्ये ते बंद झाल्यावर गोव्यातले बहुतेक मूळ खटले नष्ट केले. विचार आला की जीव तुटतो.

तुमच्याशी जोडणारा धागा म्हणजे पळालेले. गोव्यातून सुटून घाटापलीकडे देशी राज्यांत जाणारे गुलाम हा पोर्तुगीजांच्या पत्रव्यवहारातला जुना विषय. एकाच माणसाचा कागद पणजीत पोर्तुगीजमध्ये आणि पुण्यात किंवा सावंतवाडीकडे मोडीत असू शकतो. दोन्ही भाषा येणारी माणसं एकत्र बसायला हवीत.

कागदवेडी

मांडवीताई, मी मोडी, तुम्ही पोर्तुगीज, बसूया खरंच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

केपवासी

नोकरीमुळे केपटाउनला आहे. इथे गावात मध्यभागी स्लेव्ह लॉज आहे, १६७९ ला डच कंपनीने स्वतःच्या गुलामांसाठी बांधलेली इमारत, आता म्युझियम. आत नावांची भिंत बघायला गेलो आणि नावांपुढे वाचलं, बंगालची, मलबारचा, कोरोमंडल किनाऱ्याची. आपल्या देशातली माणसं! मला हे माहीतच नव्हतं. इथे गुलामाचं आडनाव म्हणजे तो कुठून आणला ते बंदर किंवा प्रदेश, आणि नाव मालकाच्या मनाला येईल ते, रोमन देव, नाहीतर महिना. सप्टेंबर, फेब्रुवारी ही आडनावं इथे आजही आहेत.

अँजेला व्हॅन बंगाल नावाची बाई १६५७ ला इथे आणली, तेव्हाचा डच कमांडर व्हॅन रीबेकच्या घरी होती. १६६६ ला मुक्त झाली. पुढे स्वतःच्या नावावर जागा, १६६९ ला बासन नावाच्या गोऱ्या वसाहतकऱ्याशी लग्न. मुक्तता, जमीन, बाप्तिस्मा, लग्न असे एकेक कागद जोडून तिचं आयुष्य उभं केलंय इथल्या लोकांनी, आणि इथल्या कितीतरी गोऱ्या घराण्यांची वंशावळ तिच्यापर्यंत जाते. पण बंगालमध्ये तिचं गाव कुठलं, आई-बाप कोण, ते कुठल्याच कागदात नाही. डचांच्या लेखी ती तिथून सुरू होते.

चिंचपोकळी

एक अडचणीचा प्रश्न विचारू का. हे सगळं शोधून नावं ऑनलाईन टाकलीत आणि उद्या कोणी गावात जाऊन 'तुमची पणजी बटीक होती' म्हणून हिणवलं तर? आपल्याकडे लेकावळे (दासीच्या पोटचे) म्हणून आजही टोमणे मारणारे आहेत. अमेरिकेत ती माणसं स्वतः शोधतायत, इथे आपण दुसऱ्याचं उकरतोय.

कागदवेडी

चिंचपोकळी, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. माझं मत सांगते. लाज वाटायची असेल तर विकणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि जकात घेणाऱ्याला वाटावी, विकल्या गेलेलीला का? हे मनापासून मानते मी. पण गावात टोमणा खाणारं पोर माझ्या मतावर जगत नाही, हेही खरं. म्हणून बाईचं नाव, किल्ला, खातं, वर्ष हे सगळं लिहायचं, पण आजच्या कुठल्याही आडनावाशी किंवा घराशी आपण जोडायचं नाही. कोणाला आपल्या घराचा शोध घ्यायचा असेल तर ते स्वतः येतील, त्यांना कागद हातात द्यायचे. मालकांची घराणी मात्र लपवणार नाही, ती तशीही छापलेली आहेत.

मोडीकाका

मान्य. आणखी एक पाळा. कागदात नसलेली भावना लिहू नका. बाई रडली असेल, लेकराला कवटाळलं असेल, असं सुचतं, मलाही सुचतं. आपण 'लेकरू दुसऱ्या खात्याकडे दिलं' एवढंच लिहायचं. वाचणारा माणूस आहे, त्याला कळतं.

रोखठोक

तुलनेबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण करायचंच असेल तर नीट करा. प्रत्येक नावापुढे काम आणि शिधा लिहा, आणि त्याच कागदात मोलाने ठेवलेल्या माणसाला काय मिळत होतं तेही. म्हणजे वागणूक सौम्य होती की नव्हती हे मताने नाही, आकड्याने ठरेल.

कागदवेडी

हे आवडलं, रकाना वाढवते.

शीट बनवतेय. नाव जसं लिहिलंय तसं, शुद्ध करायचं नाही. त्यापुढे कागदातली तारीख मूळ शब्दांत आणि शेजारी इसवी सन. ठिकाण, खातं, काम, शिधा-कापड, कोणाकडून आली, लेकरं, आणि शेवटची नोंद काय, म्हणजे मयत, पळाली, सोडली, बदली. म्हातारी झाली, काम होत नाही म्हणून सोडल्याच्या नोंदी असतात, त्या वेगळ्या रंगात करणार आहे, कारण सोडल्यावर ती गेली कुठे हा पुढचा शोध. कागद कोणी आणि कशासाठी लिहिला याला पण रकाना. रुमाल क्रमांक नसेल तर ओळ घेणार नाही, ऐकीव गोष्टींना वेगळं पान. दोन ओळी एकाच बाईच्या वाटल्या तरी जोडायच्या नाहीत, दोघांनी वेगवेगळं बघून एकमत झालं तरच.

रानफूल

मला मोडी येत नाही पण टायपिंग फास्ट आहे. काही करता येईल का?

मोडीकाका

येईल की पोरी. वाडांच्या रोजनिशा बाळबोधीत छापल्यात, मोडी लागत नाही. थोरल्या माधवरावांच्या रोजनिशीपासून सुरू कर. कुणबीण, बटीक, दासी, पोरगा, पोरगी, लमाण, बदकर्म हे शब्द दिसले की पान क्रमांकासकट पूर्ण कलम टाईप कर, अर्थ लागला नाही तरी एक अक्षर सोडू नकोस. सूचीवर विसंबू नकोस, सूचीत हे शब्द नीट आलेले नाहीत, पानन् पान बघावं लागेल.

रानफूल

हो काका. पीडीएफ उतरवून घेतलीये, आज रात्री बसते.